सातबारा कोणाकडे?

विरार पूर्वेला, फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चंदनसारमध्ये कुणाला खोली घ्यायची असली, तर जाणता माणूस भाव विचारायच्या आधी कागद विचारतो. सातबारा कोणाच्या नावावर आहे, फेरफार पडलाय का, एनए झालंय का, जागा गुरचरण तर नाही ना, फॉरेस्टची तर नाही ना. उत्तरं खरी मिळतील याची खात्री नसते, वसई-विरारमध्ये तर मुळीच नसते. पण विचारायचं कोणाला, हे ठरलेलं असतं: तलाठी, तहसीलदार, महापालिका. या साखळीत राजा कुठेही बसत नाही. 'राजेसाहेबांची सही आणा' असं कुणी म्हटलं, तर ऐकणाऱ्याला ती चेष्टा वाटेल.

पश्चिम आफ्रिकेतल्या घानामध्ये, कुमासी शहरात, ती चेष्टा नाही. तिथे प्लॉट घ्यायचा तर त्या भागाच्या राजाकडे किंवा मुखियाकडे जावं लागतं. पूर्वी जाताना दारूची बाटली न्यायची रीत होती. आता रोख रक्कम न्यावी लागते आणि ती बाटलीच्या किमतीशी काही नातं सांगत नाही, तरी तिला अजून 'दारूचे पैसे' असंच म्हणतात. मुखिया चिठ्ठी देतो, ती असांते राजाच्या मनहिया राजवाड्यातल्या जमीन कचेरीत मंजूर होते, आणि मग कुठे सरकारी दप्तरात नोंदीचा विषय निघतो. घानातली सुमारे 80 टक्के जमीन अशा परंपरागत व्यवस्थेखाली आहे.

आधुनिक आफ्रिकेत राजांना काही स्थान उरलं आहे का, हा प्रश्न निघाला की बोलणं लगेच सोन्याच्या दागिन्यांकडे, ढोलांकडे आणि मोठाल्या छत्र्यांकडे वळतं. एक बाजू म्हणते, ही आमची संस्कृती आहे. दुसरी म्हणते, ही जुनाट उधळपट्टी आहे. मला या वादात फारसं हाती लागत नाही. राजाच्या अंगावर काय आहे यापेक्षा त्याच्या दप्तरात काय आहे ते पाहावं. जमिनीचा कागद त्याच्याकडे असेल, तर त्याला स्थान आहे, तुम्हाआम्हाला ते आवडो न आवडो. कागद गेला असेल, तर उरतं ते नाव. आणि नावाचं काय करायचं, हे प्रत्येक देशाने आपापल्या परीने ठरवलं आहे.

हे तपासायला आफ्रिकेत जायच्या आधी आपल्याच जिल्ह्यात बघता येतं. चंदनसारहून महामार्गाला लागलं, मनोरला वळलं, विक्रमगड मागे टाकलं की घाट चढून जव्हार येतं. पालघर जिल्ह्यातलं हे एकेकाळचं संस्थान. राजघराणं मुकण्यांचं, जात महादेव कोळी. म्हणजे आजच्या सरकारी भाषेत, अनुसूचित जमातीचा राजा. महाराष्ट्रातल्या संस्थानांची नावं घ्यायला सांगितली तर कोल्हापूर, सातारा, सांगली, सावंतवाडी अशी यादी होते. जव्हार बहुधा राहून जातं, आणि राहून जाण्याचं कारण अंतर नक्कीच नाही.

घराण्याच्या मूळपुरुषाची, जयबा मुकण्याची, एक कथा सांगतात. त्याने एका कोळी सरदाराकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदार हसून हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, एकाला एक जोडल्या आणि अख्खा मुलूख वेढून घेतला. हीच कथा भूमध्य समुद्राकाठी, आजच्या ट्युनिशियात, कार्थेज नगर वसवणाऱ्या डिडो राणीबद्दल हजारो वर्षं सांगितली जाते. कथा एका ठिकाणाहून दुसरीकडे कशी गेली, की दोन्हीकडे आपापली उगवली, हा पंडितांचा विषय. मला त्यात एवढंच दिसतं की दोन्हीकडे राज्याचा जन्म जमिनीच्या व्यवहारातून होतो, आणि तो व्यवहार काही फार सरळ नसतो. शिवाय डिडोचं कार्थेज आफ्रिकेतलं आणि जयबाचं जव्हार सह्याद्रीतलं, म्हणजे या प्रकरणाच्या दोन्ही टोकांना एकेक कातडं आलं.

जयबाचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाने 1343 मध्ये राजा म्हणून मान्यता दिली. जव्हारच्या दरबारी कागदांत त्या वर्षापासून स्वतंत्र शक चालत असे. शिवाजी महाराज सुरतेवर निघाले तेव्हा जव्हारजवळ त्यांचा मुक्काम पडला आणि राजा विक्रमशहाने त्यांच्या मस्तकी शिरपेच चढवला. ती जागा आजही शिरपामाळ म्हणून दाखवतात. पुढे थोड्याच वर्षांत, 1672 मध्ये, महाराजांचेच पेशवे मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार घेतलं. शिरपेचाची आठवण जव्हारमध्ये जितकी आवडीने सांगतात, तितकी मोरोपंतांची सांगत नाहीत. पेशवाईत मुलूख आक्रसत गेला. इंग्रजांच्या काळात उरलं ते सुमारे 310 चौरस मैलांचं संस्थान. 1901 च्या जनगणनेत तिथली वस्ती 47 हजारांच्या आसपास होती. सगळी जंगल-डोंगरांची, नाचणी-वरईची जमीन, आणि माणसं वारली, कोकणा, ठाकूर, काथोडी, कोळी. राजाला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. 1918 मध्ये जव्हारला नगरपालिका झाली. आजच्या कित्येक मोठ्या गावांना ती मिळायला पुढे अर्धशतक लागलं.

शेवटचे सत्ताधीश राजे यशवंतराव मुकणे. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते. जयविलास हा टेकडीवरचा गुलाबी दगडांचा राजवाडा त्यांच्याच काळातला. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा तालुका बनलं. यशवंतराव 1960 च्या दशकात काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले, तेही आदिवासींसाठी राखीव जागेवरून. राजा राखीव जागेवर उभा राहतो, हे वाक्य जगातल्या दुसऱ्या कुठल्या देशात लिहायला मिळेल असं वाटत नाही.

विलीनीकरणाच्या क्षणी नेमकं काय हलवलं गेलं? तोफा नव्हत्याच म्हणण्यासारख्या. हललं ते दप्तर. सरदार पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी साडेपाचशेहून जास्त संस्थानिकांशी जो सौदा केला, त्याचा गाभा एवढाच होता: मुलूख, महसूल आणि न्याय आमच्याकडे द्या, त्याबदल्यात खासगी मालमत्ता, पदव्या आणि दरवर्षी ठराविक तनखा ठेवा. घटनेच्या 291 व्या कलमात तनख्याची हमी लिहिली गेली. पुढे इंदिरा गांधींनी तनखे बंद करायचं मनावर घेतलं. 1970 मध्ये ते विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकाने पडलं. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात तो आदेश रद्द केला. 1971 च्या निवडणुकीतलं बहुमत घेऊन सरकारने 26 वी घटनादुरुस्ती केली आणि विषय संपवला. संस्थानिकांनी कोर्टात लढा दिला, पण गावोगाव कुणी रस्त्यावर उतरलं नाही. कशाला उतरेल? लोकांचा सातबारा तेवीस वर्षांपूर्वीच तलाठ्याकडे गेला होता.

आफ्रिकेत हे असं का झालं नाही, त्याचं निम्मं उत्तर आपल्याकडेच आहे. फ्रेडरिक लुगार्ड हा इंग्रज अधिकारी, ज्याने नायजेरियात 'अप्रत्यक्ष राज्य' नावाची पद्धत बसवली, त्याचा जन्म 1858 मध्ये मद्रासला झाला. हिंदुस्थानातल्या इंग्रज पलटणीत त्याची सुरुवात झाली. संस्थानिकाच्या दरबारी एक रेसिडेंट बसवायचा, राजाला झूल घालून पुढे करायचा आणि मागून दोर ओढायचा, हा प्रयोग इंग्रजांनी आपल्याकडे शंभर वर्षं करून पाहिला होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं तळ ठोकून राहिले. तसंच असांतेचा राजा प्रेंपे पहिला याला 1896 मध्ये पकडलं आणि पुढे हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर नेऊन ठेवलं. 1900 मध्ये इंग्रज गव्हर्नरने असांतेंचं सोन्याचं आसन मागितलं. ते आसन म्हणजे त्या लोकांचा आत्मा, त्यावर खुद्द राजाही बसत नाही. या मागणीवरून युद्ध पेटलं आणि त्याचं नेतृत्व याआ असांतेवा नावाच्या बाईंनी केलं. प्रेंपे 1924 मध्ये परतला. 1935 मध्ये इंग्रजांनीच असांते राज्यसंघ पुन्हा उभा करून दिला, कारण स्वस्तात राज्य करायचं तर मधला माणूस लागतोच.

युगांडाचे अभ्यासक महमूद ममदानी यांचं म्हणणं असं की, ग्रामीण आफ्रिकेतला मुखिया हा अस्सल परंपरेपेक्षा वसाहतीच्या या सोयीतून जास्त घडला. जमीन वाटणं, कर घेणं, न्याय देणं, शिक्षा करणं हे सगळं एकाच हातात दिलं गेलं, आणि वर इंग्रजांचा पाठिंबा असल्याने खालच्यांना तो हलवता येईना. नायजेरियाच्या आग्नेय भागात इग्बो लोकांत असे राजे नव्हतेच. तिथे इंग्रजांनी सनदा देऊन मुखिये नेमले. 1929 मध्ये त्या भागातल्या हजारो बायका याच मुखियांविरुद्ध उठल्या. तेव्हा 'परंपरागत' हा शब्द आफ्रिकेत ऐकला की तारीख विचारावी. आपल्याकडेही विचारावी, पण ते इथे राहू दे.

उरलेलं निम्मं उत्तर स्वातंत्र्यानंतरचं आहे. आपल्याकडे 1947 मध्ये गावापर्यंत पोचलेली महसूल यंत्रणा तयार होती. तिची मुळं मोगलाईत आणि त्याच्याही मागे जातात. गंमत अशी की दख्खनमध्ये जमिनीची पद्धतशीर जमाबंदी बसवणाऱ्यांत पहिलं नाव घेतलं जातं ते मलिक अंबरचं, आणि तो आफ्रिकेतला. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा वजीर झाला. 1626 मध्ये वारला तेव्हा जहांगीरसारखा बादशहा त्याच्या नावाने हैराण झालेला होता. त्याची कबर खुलताबादला आहे. मुरुडच्या जंजिऱ्यावर राज्य करणारे सिद्दी नवाबही मूळचे आफ्रिकेचेच. त्यांचं संस्थान जव्हारसारखंच 1948 मध्ये संपलं. आफ्रिकन राजवंशाचं आधुनिक समाजात काय झालं, याचं एक उत्तर अलिबागच्या खाली दोन तासांवर, मुरुडच्या टेकडीवरच्या नवाबाच्या वाड्यात आहे.

नव्या आफ्रिकन देशांना मात्र राजधानीबाहेर पोचणारं दप्तर मिळालंच नाही. खेड्यातली जमीन कोणी कसायची, बांधाचं भांडण कोणी तोडायचं, हे मुखियाच ठरवत होता. त्याला हटवायचं तर त्याचं काम करणारा दुसरा कोणी उभा करावा लागणार होता. बऱ्याच देशांना ते परवडलं नाही, काहींनी प्रयत्न केला नाही, काहींनी अर्धवट सोडला.

बोट्स्वानाने मात्र तो प्रयत्न केला, आणि मला ते उदाहरण सगळ्यांत बोलकं वाटतं. सेरेत्से खामा हा बामांग्वातो लोकांचा वारस राजा. एका गोऱ्या इंग्रज मुलीशी लग्न केलं म्हणून इंग्रजांनी त्याला देशाबाहेर काढलं. 1956 मध्ये गादीवरचा हक्क सोडून तो परतला, पक्ष काढला, निवडणूक जिंकला आणि 1966 मध्ये देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. दोनच वर्षांत त्याच्या सरकारने कायदा करून जमीन वाटायचं काम मुखियांकडून काढून जमीन मंडळांकडे दिलं. हे करणारा माणूस स्वतः राजपुत्र होता. मुखियांची सभा, ज्याला तिथे 'क्गोत्ला' म्हणतात, तिला हात लावला नाही. आजही गावचे छोटे खटले तिथे चालतात, मंत्रीही तिथे येऊन उभे राहतात. संसदेला सल्ला द्यायला मुखियांचं एक सभागृह आहे. सन्मान ठेवला, कागद काढून घेतला.

आपल्याकडे असा राजपुत्र कोण, असं कुणी विचारलं तर औंधकडे बोट दाखवावं लागतं. साताऱ्याजवळच्या या 72 गावांच्या संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या माणसाच्या मदतीने, राज्यकारभार गावच्या पंचायतींकडे सोपवला. हे विलीनीकरणाच्या नऊ वर्षं आधीचं. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत स्वातंत्र्यानंतर नैरोबीत, पूर्व आफ्रिकेसाठी भारताचे आयुक्त म्हणून गेले. आफ्रिकन पुढाऱ्यांशी त्यांचा घरोबा इंग्रजांना इतका खुपला की त्यांना तिथून हलवण्यासाठी दिल्लीवर दबाव आला. ते नैरोबीत असतानाच, नोव्हेंबर 1953 मध्ये, शेजारच्या युगांडात इंग्रज गव्हर्नरने बुगांडाच्या राजाला, म्हणजे कबाका मुतेसा दुसरा याला, विमानात घालून लंडनला रवाना केलं. ज्याने आपल्या बापाला राज्य सोडून देताना पाहिलं, त्याच्या नेमणुकीच्या टापूत दुसऱ्या एका राजाचं राज्य हिसकावलं जात होतं.

मुतेसा परत आला, 1962 मध्ये युगांडा स्वतंत्र झाला आणि पुढे तोच देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. म्हणजे राजा, जमीनदार आणि राजकारणी, तिन्ही एकाच अंगरख्यात. स्वातंत्र्यानंतर चार वर्षांत पंतप्रधान ओबोटेच्या फौजेने त्याच्या राजवाड्यावर हल्ला केला. फौजेचं नेतृत्व इदी अमीनकडे होतं. मुतेसा पळाला आणि 1969 मध्ये लंडनमध्येच वारला. 1967 च्या घटनेने युगांडातली सगळी राज्यं रद्द केली. बरोबर आपल्यासारखं, असं वाटेल. पण सव्वीस वर्षांनी, 1993 मध्ये, राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी ती परत आणली. 31 जुलैला मुतेसाचा मुलगा रोनाल्ड मुतेबी कबाका म्हणून गादीवर बसला. त्याच्या बरोबर राजघराण्याची कित्येक चौरस मैलांची जमीनही परतली. मुसेवेनींना बुगांडातली मतं हवी होती, हे उघड आहे. मात्र घटनेत एक अट घातली गेली: परंपरागत राजाने पक्षीय राजकारण करायचं नाही. अट घातली म्हणून राजकारण थांबत नाही. 2009 मध्ये कबाकाला आपल्याच राज्याच्या एका भागात जायला सरकारने अडवलं, तेव्हा कंपालात दंगे होऊन माणसं मेली.

घानाच्या 1992 च्या घटनेतही हीच अट आहे. मुखियेपदाला तिथे संरक्षण आहे, पण निवडणूक लढवायची तर मुखियेपद सोडावं लागतं. जमिनीच्या उत्पन्नाची वाटणीसुद्धा घटनेतच लिहिलेली आहे: आधी दहा टक्के जमीन प्रशासनाला, मग उरलेल्यातले 25 टक्के गादीला, 20 टक्के पारंपरिक परिषदेला आणि 55 टक्के जिल्हा सभेला. कागदावर हे सुरेख आहे. अडचण एवढीच की ते 'दारूचे पैसे' या उत्पन्नात धरले जात नाहीत, म्हणून ते वाटलेही जात नाहीत. विरारमध्ये दस्तावर एक आकडा आणि हातात दुसरा, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यावर अधिक सांगायला नको.

तरीही असांतेंच्या पद्धतीत एक गोष्ट अशी आहे जी आपल्या संस्थानांत नव्हती. राजा कोण होणार, त्याचं नाव राजमाता सुचवते. वारसा आईकडून चालतो. आणि नीट न वागणाऱ्या मुखियाला आसनावरून उतरवायची रीतसर प्रक्रिया आहे. आपल्याकडे गादीला औरस नाहीतर दत्तक वारस हवा, एवढीच पात्रता. नालायक निघाला तर काढायचा कोणी? फार तर इंग्रज काढत, आणि तेही लायकी बघून काढत नसत. शिवाय या राजांच्या हातून सरकारला न जमणारी कामं होतात. उत्तर घानातल्या दागबोनमध्ये 2002 साली तिथल्या राजाचा खून झाला आणि गादीचं भांडण चिघळलं. ते मिटवायला सरकारने असांतेचा राजा ओसेई तुतू दुसरा याच्या अध्यक्षतेखाली तीन थोर राजांची समिती नेमली. सतरा वर्षं लागली, पण 2019 मध्ये नवा राजा सर्वमान्य होऊन बसला. मलावीत थेरेसा काचिंदामोतो या मुखिया बाईंनी आपल्या मुलखातली शेकडो बालविवाह मोडून मुलींना परत शाळेत घातलं. कायदा होताच, पण गावात त्याला विचारत कोण होतं? बाईंनी सांगितल्यावर विचारलं, कारण हाताखालच्या ज्या मुखियांनी ऐकलं नाही त्यांची पदं त्यांनी काढून घेतली.

याच्या उलट बाजूला एस्वातिनी. मस्वाती तिसरा 1986 पासून गादीवर आहे. 1973 मध्ये त्याच्या वडिलांनी राजकीय पक्षांवर घातलेल्या बंदीची छाया अजून तशीच आहे. पंतप्रधान राजा नेमतो. देशातली निम्म्याहून अधिक जमीन राजा 'राष्ट्राच्या वतीने' धरून आहे आणि मुखियांमार्फत वाटतो. मुखियाने नाव काढलं तर माणूस उभा राहील कुठे? 2021 मध्ये तिथली तरुण मुलं रस्त्यावर उतरली आणि गोळीबार झाला. दक्षिण आफ्रिकेतही असंच एक गाठोडं आहे. 1994 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या ऐन तोंडावर घाईघाईने एक न्यास झाला आणि क्वाझुलू-नाताल प्रांतातली सुमारे 28 लाख हेक्टर जमीन त्यात गेली. एकमेव विश्वस्त झुलू राजा. पुढे न्यासाने पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या लोकांकडूनच भाडेकरार लिहून घ्यायला सुरुवात केली. आपल्या घरात आपणच भाडेकरू. 2021 मध्ये उच्च न्यायालयाने ते करार बेकायदा ठरवले.

कागद काढून घेतला की राजाचं काय होतं, ते नायजेरियात बघावं. 1978 च्या कायद्याने तिथली जमीन राज्यांच्या गव्हर्नरांकडे गेली. कानोचा अमीर हे उत्तर नायजेरियातलं फार मोठं पद. 2014 मध्ये सनुसी लामिदो सनुसी, जे आधी देशाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते, त्या गादीवर आले. राज्य सरकारवर टीका करायचे. 2020 मध्ये सरकारने त्यांना पदच्युत केलं. 2023 मध्ये दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं आणि 2024 मध्ये त्याने त्यांना परत बसवलं, तर मधल्या काळात नेमलेला अमीर हटायला तयार होईना. शेकडो वर्षांची गादी, आणि बदली मात्र तहसीलदारासारखी.

आपल्याकडच्या राजांनी कागद गेल्यावर निवडणुकीचा रस्ता धरला, आणि त्यांना कुणी अडवलं नाही. 2024 मध्ये कोल्हापूरहून शाहू छत्रपती काँग्रेसतर्फे आणि साताऱ्याहून उदयनराजे भोसले भाजपतर्फे लोकसभेवर गेले. घानात दोघांनाही आधी गादी सोडावी लागली असती. मी आपल्या बाजूचं म्हणणं ऐकून आहे: नागरिक आहेत, उभे राहू देत, लोक ठरवतील. लोक ठरवतातही. ऑक्टोबर 2019 च्या पोटनिवडणुकीत सातारकरांनी उदयनराजेंना पाडून श्रीनिवास पाटलांना निवडून दिलं होतं. जमीन हातात असलेल्या माणसाने मतं मागणं धोक्याचं, म्हणून घानाची अट शहाणपणाची. जमीन गेलेल्याने मागितली तर चालवून घेता येतं. तनखा बंद करणारी घटनादुरुस्ती मला आजही बरोबर वाटते. तिने तोडलं ते सरकारी तिजोरीशी असलेलं नातं. मतदाराच्या मनातलं नातं तोडणं तिच्या हातात नव्हतं आणि ते तिचं कामही नव्हतं.

एक जागा मात्र 26 व्या घटनादुरुस्तीतून निसटली. आपल्या सुरगाण्याच्या पलीकडे, 1960 मध्ये गुजरातेत गेलेल्या डांगमध्ये, आजही पाच भिल्ल राजांना सरकारकडून दरवर्षी पैसे मिळतात. होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो. राजांची बग्गीतून मिरवणूक निघते आणि मोठा सरकारी पाहुणा त्यांना सालियाना देतो. बातमीत हे 'भारतातले शेवटचे राजे' म्हणून येतं. पण तो पैसा तनखा नाहीच, म्हणूनच तो वाचला. 1842 मध्ये इंग्रजांनी डांगचं सागवानी जंगल या राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलं, त्याचं ते भाडं. जंगल वनखात्याकडे, राजाकडे पावती.

जव्हारलाही जंगलाचाच प्रश्न आहे. 1992 मध्ये वावर-वांगणीत बालकांचे कुपोषणाने मृत्यू झाले आणि तालुक्याचं नाव देशभर झालं. वर्षानुवर्षं कसत असलेले फॉरेस्ट प्लॉट नावावर व्हावेत, म्हणून इथले आदिवासी आणीबाणीनंतरच्या काळापासून भांडत आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने दावे दाखल करायची वाट दिली, तरी दावे वर्षानुवर्षं पडून राहतात. मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी, बहुतेक आदिवासी, वनपट्ट्यांची मागणी घेऊन नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आले. ते विधानभवनाकडे निघाले होते. कुठल्या राजवाड्याकडे जायचं त्यांच्या मनातही आलं नसणार. जयविलास बघायला शहरातले लोक गाड्या काढून येतात, आणि त्यांना त्या प्लॉटांशी काही देणंघेणं नसतं.

राजेशाही परत आणायची की नाही, हे ज्यांना विचारायला हवं त्यांनी युगांडात एकदा उत्तर दिलं आहे. 1993 मध्ये बुगांडा, बुन्योरो, तोरो ही राज्यं परत आली. अंकोले आलं नाही, आणि अंकोले हा तर मुसेवेनींचा स्वतःचा मुलूख. राजवंशातल्या वारसाचा राज्याभिषेक उरकूनही घेतला होता. सरकारने तो रद्द केला. विरोध मुख्यतः बैरू शेतकऱ्यांकडून होता. जुन्या राज्यात गुरंवाले बाहिमा वर आणि नांगरवाले बैरू खाली अशी उतरंड होती, आणि ती त्यांना पुन्हा नको होती. बाहिमांना राजा परत हवा होता आणि बैरूंना नको होता. बैरू संख्येने जास्त होते.

जव्हारच्या गादीवर महादेव कोळी होते आणि मुलखात वारली, कोकणा, ठाकूर, काथोडी. शिरपामाळाची गोष्ट जव्हारमध्ये कुणीही सांगेल. संस्थानात वेठ कोणी केली, जमीन कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हे विचारायचं तर काथोड्यांच्या पाड्यावर जावं लागेल. तिथे आज विचारलं, तर आधी प्लॉटाचा विषय निघेल.